बदलीची माणसं, परळीची माणसं : थर्मलच्या गावातले चार दिवस

पहिला दिवस : लातूर ते परळी

नणंदेचा पुण्याहून फोन आला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. "वहिनी, पोरीची नोकरीची ऑर्डर निघाली. परळी दिलीय. गाव तुमचं. तुम्हीच सांगा, पाठवू का नको?"

मला लगेच काही सांगता आलं नाही. जन्मापासून लग्नापर्यंतची सगळी वर्षं मी परळीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या, म्हणजे थर्मलच्या कॉलनीत काढली. माझे वडील, अण्णा, बॉयलरवर ऑपरेटर होते. ते निवृत्त झाले, क्वार्टरची किल्ली परत गेली आणि त्यानंतर माझ्यासाठी परळी म्हणजे वैजनाथाचं दर्शन घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत, एवढीच उरली. तीस वर्षांपूर्वीच्या आठवणींवर भरवसा ठेवून एका पोरीला हो किंवा नाही सांगणं मला पटेना. म्हणून म्हटलं, तिला लातूरला पाठवा, आम्ही दोघी चार दिवस राहून बघतो. मग ठरवा.

अंबाजोगाईमार्गे एसटीनं निघालो. मार्गशीर्ष सरत आलेला, येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आठ दिवसांवर. रस्त्याच्या दोन्ही अंगाला तूर वाळत आलेली, हरभरा घाट्याला लागलेला, मध्येच उसाचे फड. भाची खिडकीशी बसून मोबाइलवर अंतरं मोजत होती. पुणं किती, छत्रपती संभाजीनगर किती, विमानतळ कुठं. मी तिला सांगितलं की परळी जंक्शन आहे. परभणीकडची आणि लातूर रोड, उदगीर, बीदर, विकाराबादकडची अशा दोन्ही वाटा इथं मिळतात. पण वळसा न घालता पुण्याला सरळ जाणारा लोहमार्ग मात्र परळीला आजतागायत नाही. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग माझ्या लहानपणापासून कानावर आहे. २०२५ च्या १७ सप्टेंबरला बीडपर्यंत गाडी आली. परळीपर्यंतचं काम अजून बाकी आहे. अण्णांच्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी ह्या गाडीची वाट पाहिली आणि ते गेले.

बालाघाटाचा डोंगर उतरताना थर्मलची धुराडी दिसली. लहानपणी सुट्टीहून परतताना ती दिसली की आई पिशव्या आवरायला घ्यायची. माझाही हात आपोआप पिशवीकडं गेला.

उतरलो काकूंच्या घरी. ह्या काकू म्हणजे आमच्या नात्यातल्या नव्हेत. त्या गावात राहायच्या, चार म्हशी होत्या आणि कॉलनीतल्या पन्नासेक घरी दुधाचा रतीब घालायच्या. त्यांचे यजमान थर्मलमध्येच एका ठेकेदाराकडं कोळशाच्या कामावर होते. काकूंनी ऐंशी ओलांडली आहे. मला बघून म्हणाल्या, "आलीस व्हय? किती साल झालं गं! आन् ही कोण, लेक का?" भाची आहे आणि थर्मलमध्ये इंजिनिअर म्हणून लागलीय, असं सांगितल्यावर त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. "मंग रतीब घालावा लागंल की."

संध्याकाळी वैजनाथाला गेलो. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेलं हे देऊळ, त्याच्या दगडी पायऱ्या. परळी थर्मलमुळं वसलेली नाही, हे इथं आल्यावर कळतं. ज्योतिर्लिंगाचं हे गाव थर्मलच्या कितीतरी आधीचं. थर्मल १९७१ च्या सुमाराला आलं आणि त्यानं गावाशेजारी दुसरं गाव वसवलं.

दुसरा दिवस : कॉलनी

सकाळी स्टेशन रोडला सुशीला आणि मिरचीची भजी खाल्ली. भाचीनं सुशीला पहिल्यांदाच खाल्ला. पुण्याच्या पोरीला भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाष्टा माहीत नव्हता. दुसरी प्लेट तिनं स्वतःच मागितली.

मग कॉलनीत गेलो आणि दिवसभर तिथंच होतो.

आत शिरताच तिच्या तोंडून निघालं, "मामी, इथं किती शांत आहे!" खरंच आहे. रुंद रस्ते, दुतर्फा कडुलिंब आणि गुलमोहर, प्रत्येक क्वार्टरपुढं अंगण. पुण्यात तिचा दीड तास जायला आणि दीड तास यायला लागत होता. इथून प्लँट गाडीवर काही मिनिटांवर आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी पगारातली शिल्लक टाकायची असेल तर ह्यासारखी जागा नाही, कारण भाडं थोडं आणि खर्च करायला बाजार लांब. अण्णांनी एका पगारात आम्हा तिघा भावंडांना शिकवलं ते ह्याच हिशेबावर.

आमचं बालपण सुखाचं होतं, हे मी तिला मोकळेपणानं सांगितलं. नळाला पाणी, घरात वीज. आजूबाजूच्या खेड्यांत दिवेलागणीला कंदील पुसत असायचे तेव्हा आमच्याकडं रस्त्यावर दिवे होते. पुढं लातुरात बारा-बारा तासांचं भारनियमन सोसताना मला कॉलनीचे ते दिवे फार आठवायचे. बदलीनं येणारी माणसं कुठून कुठून यायची. डावीकडं चंद्रपूरचे, उजवीकडं भुसावळचे, समोर नाशिकच्या एकलहऱ्याचे, कारण जिथं वीजकेंद्र तिथून माणूस यायचा. आई खानदेशी काकूंकडून शेवभाजी शिकली आणि नागपूरकडच्या काकू आईकडून येसराची आमटी. गणपतीत दहा दिवस कुणाच्याच घरी वेगळा स्वयंपाक नसल्यासारखं असायचं. अण्णा रात्रपाळी करून झोपले की गल्लीतली सगळी पोरं त्या बाजूला खेळायचीच नाहीत. कुणाला सांगावं लागत नव्हतं, कारण प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी रात्रपाळीचं होतं.

पण तिला एवढंच सांगून थांबले असते तर मी तिची फसवणूक केली असती.

कॉलनीत माणूस नावाआधी क्वार्टरच्या टाइपनं ओळखला जायचा. साहेबांच्या बंगल्यांकडं खेळायला जायचं नाही, हे आम्हाला चौथी-पाचवीतच कळलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी कळलं. अण्णांचे वरिष्ठ कामावरही तेच, गणपतीच्या मांडवातही तेच आणि शाळेच्या कमिटीवरही तेच. कामावर कुणाशी वाजलं तर संध्याकाळी त्याच माणसाशी दळणाच्या रांगेत गाठ. दार लावून विसरता येईल असं काहीच नव्हतं. भाची एकटी, लग्न न झालेली, पाळीवर जाणारी. ती किती वाजता आली आणि कुणाच्या गाडीवर आली, ह्याची नोंद समोरच्या खिडकीत होणार, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "सोसायटीतही होतेच की." होते. पण सोसायटीतल्या खिडकीत तुझ्या ऑफिसातलं कुणी बसलेलं नसतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की इथलं काहीच आपलं होत नाही. आईनं लावलेली जाई वीस वर्षं फुलली आणि निवृत्तीच्या दिवशी क्वार्टरबरोबर तीही सोडून द्यावी लागली. अण्णांनी उभ्या आयुष्यात स्वतःची भिंत बांधली नव्हती. साठाव्या वर्षाच्या आसपास लातुरात प्लॉट बघत फिरताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. कॉलनीतल्या माणसानं घराचा विचार नोकरी लागल्या वर्षापासून करायला हवा, कारण कॉलनी तो विचार करूच देत नाही. सगळं इतकं हाताशी असतं.

आमची ओळ शोधायला थोडा वेळ लागला. त्या बाजूची काही क्वार्टर्स रिकामी होती. अंगणात गाजरगवत माजलेलं. आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर, पत्र्याच्या आडोशाला, काकू रोज दूध घातलं की कोळशाच्या तुकड्यानं एक उभी रेघ ओढायच्या. महिनाअखेरीला आई आणि काकू मिळून रेघा मोजायच्या. भिंतीला मधल्या काळात कितीदा तरी रंग दिलेला असणार, रेघा काही दिसल्या नाहीत. तरी मी उभी राहिले तिथं.

तिसरा दिवस : कोळसा, राख, पाणी

काकूंचा मुलगा बल्कर चालवतो. बल्कर म्हणजे राख नेणारा बंद टाकीचा ट्रक. त्या दिवशी त्याची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून त्यानं आम्हाला मित्राच्या जीपमधून फिरवलं. भाची अभियंता, तो ड्रायव्हर, पण दिवसभर तिला नवं काही शिकवलं असेल तर ते त्यानंच.

आधी रुळांकडं गेलो. कोळशाची एक रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, उभी होती, पन्नासहून जास्त वाघिणी. परळीच्या आसपास कोळशाची खाण नाही, हे बाहेरच्या पुष्कळांना माहीत नसतं. कोळसा तेलंगणातल्या सिंगरेणीहून आणि चंद्रपूरच्या बाजूनं येतो. भाचीनं बोटं मोजून हिशेब मांडला. २५० मेगावॅटचा एक संच, म्हणजे वीज करणारं एक युनिट, पूर्ण भारावर चोवीस तास चालला तर सुमारे पावणेचार-चार हजार टन कोळसा खातो, म्हणजे साधारण रोज एक रेक. आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते. म्हणजे एका संचामागं रोज बाराशे-तेराशे टन राख. आत्ता चालण्याजोगे संच तीन आहेत, सहावा, सातवा आणि आठवा. ते अनुक्रमे २००७, २०१० आणि २०१६ मधले, मिळून ७५० मेगावॅट. अण्णांच्या हाताखालचे जुने, ३० आणि २१० मेगावॅटचे संच आता इतिहासजमा झाले.

कोळसा बाहेरून येतो, वीज तारांवरून बाहेर जाते आणि राख तेवढी इथं उरते.

हलकी राख यंत्रात विजेच्या भारानं खेचून धरतात, ती बल्करमध्ये भरून सिमेंटच्या कारखान्यांना जाते. जड राख पाण्यात कालवून नळांतून राखेच्या तळ्यात सोडतात. पाणी आटलं की तळ्यावर पांढरट साय धरते आणि वारं सुटलं की ती उठते. ती राख उकरून नेणारे उघडे टिप्पर, त्यांच्या मागं उडणारा लोट आणि त्या रस्त्यालगतची गावं ही परळीची रोजची गोष्ट आहे. दाऊतपूर, दादाहरी वडगाव ह्या बाजूला रस्त्याकाठच्या तुरीचा रंग ओळखू येत नव्हता. सगळी राख वापरात आली पाहिजे असा केंद्राचा नियम आहे. १९९९ पासून अधिसूचना निघत आल्या, २०२१ च्या डिसेंबरची तर फार कडक आहे. पण ती बंद गाडीतून जाते की ताडपत्रीशिवाय, हे त्या रस्त्यावर राहणाऱ्या बाईला फुफ्फुसात मोजावं लागतं.

तरीही एकट्या राखेवर बोट ठेवून गप्प बसावं असंही मला वाटत नाही. ह्याच राखेवर वीटभट्ट्या चालतात, ह्याच राखेवर काकूंच्या मुलाचं घर चालतं. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं ऊसतोडीला जातात, लेकरंबाळं घेऊन, पार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. काकूंच्या घरातून कुणी कोयता घेऊन गेलं नाही ते थर्मलमुळं. त्यानं ते एकाच वाक्यात सांगितलं, "राख खाल्ली मावशी, पर गाव नाय सोडावं लागलं."

दुपारी सोनपेठ तालुक्यातल्या खडक्याला गेलो. गोदावरीवरचा हा बंधारा थर्मलची तहान भागवतो. पाणी भरपूर होतं, काठाला बगळे होते. पण माझ्या डोक्यात २०१३ चा फेब्रुवारी होता. त्या वर्षी दुष्काळानं खडक्यात पाणी उरलं नाही आणि परळीचे तेव्हाचे सगळे संच, ११३० मेगावॅट, बंद पडले. पुढं २०१५ ला पुन्हा तेच. शीतकरण मनोऱ्यातून वर जाणारा पांढरा ढग धुराचा नसतो. ती पाण्याची वाफ, म्हणजे आपलं उडून जाणारं पाणी. अशा केंद्रांना दर मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा घालून दिली आहे. भाचीनं मोबाइलवर गुणाकार केला. एक २५० मेगावॅटचा संच, एक तास, पावणेनऊ लाख लिटर.

मी तिला म्हटलं, आता माझा हिशेब कर. २०१६ च्या १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. आम्ही रात्री-रात्री घागरी घेऊन रांगेत उभ्या असायचो, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती, आणि त्या गाडीला लोकांनी हार घातले होते. तेवढं पाणी ह्या एका संचाला किती वेळ पुरेल?

तिनं बघितलं आणि जरा वेळानं सांगितलं, "जेमतेम पस्तीस मिनिटं, मामी."

आम्ही दोघी काठावर बसून राहिलो. मराठवाड्यात कोळशाची वीज करायची म्हणजे काय करायचं, ते मला पन्नाशी उलटल्यावर त्या आकड्यात कळलं. अण्णांनी हयातभर ते पाणी बॉयलरला आणि मनोऱ्याला जाताना पाहिलं होतं. त्यांना कधी असं वाटलं असेल का, विचारायचं राहून गेलं.

परतताना काकूंच्या मुलानं २०१३ आणि २०१५ ची गोष्ट सांगितली. संच थंड झाले तेव्हा कायम कर्मचाऱ्यांतल्या पुष्कळांना दुसऱ्या केंद्रांवर पाठवलं. पगार चालू राहिला. कुणाची मुलं दहावीला होती, कुणाचे आईवडील आजारी, त्यांचे हाल झालेच. पण ठेकेदारांकडच्या माणसांना कुणी कुठं पाठवलं नाही. काम थांबलं तसा पगार थांबला. चहाच्या टपऱ्या बंद पडल्या, रिक्षा उभ्या राहिल्या. काकूंचा रतीब दोन-तीन महिन्यांत निम्म्याखाली आला आणि दोन म्हशी विकाव्या लागल्या. आता पाणी असलं तरी संच चालतीलच असं नाही, कारण वीज घेताना स्वस्त संच आधी आणि महाग संच मागून, असा क्रम लागतो. खाणीपासून लांब असल्यानं परळीची वीज कोळशाच्या भाड्यानं महाग पडते, त्यामुळं मागणी उतरली की परळीचा संच आधी थांबतो. गावाची चूल कधी पेटायची हे आभाळ, खाण आणि ह्या क्रमाचा तक्ता ठरवतो.

फायदे-तोटे विचारले तर मला आता एकच फरक मोठा दिसतो : तुमची बदली होते की नाही. बदली होणाऱ्याला परळी चांगली. घर, शिल्लक, सोबत, शांतता सगळं मिळतं, आणि वाईट दिवस आले तर आदेश येतो, सामान बांधलं की सुटका. ज्याची बदली होत नाही त्याच्या वाट्याला चांगल्या दिवसांत रतीब आणि मजुरी, वाईट दिवसांत दोन म्हशी. राख दोन्ही दिवसांत. आम्ही कॉलनीतली माणसं वीस-वीस वर्षं राहून गावाला विचारत नव्हतो, कारण आम्हाला जायचं होतं. एवढं लहानपण इथं काढलं, पण काकूंच्या घरात मी परवा पहिल्यांदा पाऊल टाकलं, हे लिहिताना मला लाज वाटते.

चौथा दिवस : अंबाजोगाई, आणि परत

सकाळी अंबाजोगाईला जाऊन आलो. योगेश्वरीचं दर्शन हे निमित्त. खरं मला भाचीला तिथलं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय दाखवायचं होतं. परळीत मोठं दुखणं निघालं की माणूस इथंच आणतात, पंचविसेक किलोमीटरवर. १९७४ पासूनचं हे ग्रामीण भागातलं वैद्यकीय महाविद्यालय नसतं तर ह्या टापूत राहणं किती अवघड झालं असतं, ते आमच्या आईच्या आजारपणात मी अनुभवलं आहे. रस्ता रात्री कसा आहे, गाडी कुणाची मिळते, हे तिनं वहीत लिहून घेतलं. पोरगी शहाणी आहे.

दुपारी काकूंच्या ओसरीवर बसून नणंदेला फोन लावला. मी सांगितलं, पाठवा. क्वार्टर घेऊ द्या, रात्रपाळीला ते बरं. तीन-चार वर्षं राहू द्या, काम शिकू द्या. पण पहिल्या वर्षापासून घरासाठी पैसे बाजूला टाका, आणि छातीचा त्रास वाटला तर हट्ट न करता बदली मागायची. नणंद म्हणाली, "आणि करमेल का तिला तिथं एकटीला?" मी फोन भाचीकडं दिला. ती म्हणाली, "आई, रविवारी मी काकूंकडं जेवायला येणार आहे. ठरलंय आमचं."

हे मला ठाऊक नव्हतं. आदल्या रात्री मी झोपल्यावर त्या दोघींचं ठरलं होतं.

बसची वेळ झाली. काकू काठी टेकत उठल्या आणि सुनेला हाक मारली. म्हशी आता सुनेच्या नावावर आहेत, दोनाच्या पुन्हा तीन झाल्या आहेत.

"अर्धा लिटर का एक?" सुनेनं विचारलं.

भाचीनं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलले नाही.

"अर्धा," ती म्हणाली. "एक तारखेपासून."

सून मोबाइलमध्ये लिहून घ्यायला लागली. काकूंनी तिला थांबवलं, चुलीपुढचा एक कोळसा उचलला आणि भाचीच्या हातात दिला. "भितीवर वढत जा रेघ. हिच्या आईला इचार, एका पैशाचाबी घोळ झाला न्हाई कवा."

आई जाऊन नऊ वर्षं झाली, हे काकूंना सांगावं असं मला वाटलं नाही. भाचीनं तो कोळसा रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि आम्ही बसस्टँडकडं निघालो.